हात मोजणारी

६ जानेवारी, सोमवार

अठ्ठेचाळीसपैकी एकतीस!

म्हणजे सकाळच्या तीन तासांत सर्जरी वॉर्डात अठ्ठेचाळीस वेळा हात धुवायला हवे होते, धुतले गेले एकतीस वेळा. बाकी सतरा वेळी कोणी ड्रेसिंगवरून सरळ दुसऱ्याच्या सलाइनला हात घातला, कोणी नाक खाजवलं आणि त्याच हाताने गोळी दिली. मी कोपऱ्यात उभी. हातात कागद, कागदावर चौकटी. धुतले तर बरोबरची खूण, नाही धुतले तर फुली. मोजणाऱ्याने बोलायचं नाही, टोकायचं नाही, फक्त बघायचं — नियम आहे तसा. पंधरा महिने हेच करते आहे. संसर्ग नियंत्रण परिचारिका! पाटीवर मावत नाही एवढं लांब नाव. वॉर्डाने दिलेलं नाव सुटसुटीत आहे. मी दारात पाऊल टाकलं की कोणीतरी हळूच म्हणतं, "सीसीटीव्ही आली." की लागली बेसिनपाशी रांग. पहिली दहा मिनिटं सगळ्या कशा साळसूद. मग विसरतात.

साडेदहाला पॅन्ट्रीत चहाला गेले. चौघी बसल्या होत्या. एकीला एकदम औषधांची आठवण झाली. दुसरीला फोन आला — वाजला नव्हता! तिसरीने तर कारण द्यायचीही तसदी घेतली नाही. शेवटी भिंगरी उठली. अर्धा कप तसाच ठेवून.

भिंगरी आणि मी बावीस वर्षांपूर्वी एकाच दिवशी नर्सिंगच्या शाळेत दाखल झालो. एक खोली, एक कपाट, एकच कंगवा — आता लिहितानाही कसंसंच होतं! पहिल्याच आठवड्यात हात धुवायला शिकवलं. वीस सेकंद, मोजून. शेजारीशेजारी उभ्या राहून मोजायचो. ही बया अठराव्यालाच नळ बंद करायची. मी म्हणायचे, "अठराच झाले. परत धू." मग ती माझ्या तोंडावर पाणी उडवायची आणि परत धुवायची.

मी हे काम घेतलं तेव्हा ती म्हणाली होती, "म्हणजे आता तू आमच्यावर नजर ठेवणार?" मी म्हटलं, "तुमच्यावर नाही, हातांवर." तिला ते पटलं नाही. मलाही आता तेवढंसं पटत नाही.

७ जानेवारी, मंगळवार

बावन्नपैकी छत्तीस. चहा एकटीने.

९ जानेवारी, गुरुवार

आज मावशींवर ओरडले. वॉर्डाची झाडलोट करणाऱ्या मावशी साबणाच्या अर्ध्या बाटलीत नवा साबण ओतत होत्या.

"अहो ताई, साबणच तो! साबणाला कसली आलीय घाण?"

"अर्ध्या बाटलीत भर घालायची नाही, मावशी. रिकामी करायची, धुवायची, वाळवायची, मग भरायची. भिंतीवर लिहून लावलंय."

"भिंतीवर काय, सतराशे साठ गोष्टी लावल्यात तुम्ही," म्हणाल्या, आणि बाटली घेऊन गेल्या फणकाऱ्याने. जाऊ देत. खाली तळाशी राहिलेल्या जुन्या साबणात जंतू वाढतात, हे दहा वेळा सांगून झालंय.

मी उभी राहते तो कोपरा चार नंबरच्या खाटेच्या उशाशी आहे. तिथे एक निवृत्त मास्तर आहेत, आतड्याचं ऑपरेशन झालेले. गणित शिकवायचे. दोन दिवस माझ्या कागदाकडे तिरक्या नजरेने बघत होते. आज विचारलंच.

"काय सिस्टर, आज किती नापास?"

मी बोलायचं नसतं. पण बोलले. "चौदा."

"मीही पस्तीस वर्षं हेच केलं. परीक्षेला वर्गाच्या मागे उभं राहायचं. पुढे उभं राहिलं तर पोरं सावध होतात."

"मग पोरं बोलायची तुमच्याशी?"

"छे! पंचवीस वर्षांनी बोलतात. रस्त्यात पाया पडतात. तुम्ही जरा धीर धरा."

मी हसले. मोठ्याने! सगळा वॉर्ड वळून बघायला लागला.

१२ जानेवारी, रविवार

दादाचा फोन. "बरी आहेस ना?" बरी आहे. "जेवलीस?" जेवले. "चल मग." दोन मिनिटं सुद्धा नाही. त्याचं तरी काय चुकलं? माझ्याकडे सांगण्यासारखं असतं काय — एकशे वीस वेळा कोणी हात धुतले आणि पन्नास वेळा नाही?

न्हाणीघर आवरलं. आईची शाम्पूची बाटली अजून तिथेच, उलटी उभी केलेली. आई जाऊन दोन वर्षं झाली. तिच्या राज्यात कुठलीही बाटली कधी संपायचीच नाही. तळाशी राहिलं की थोडं पाणी घालायचं, खळखळ हलवायचं, की पुन्हा चार दिवस. शाम्पू, साबण, औषधाचं सरबतसुद्धा! मी चिडायचे. आता मीही तेच करते. हात आपोआप नळाकडे जातो.

एक गोष्ट मनात आली आहे. परवा नव्या सिस्टरचे हात पाहिले. बोटांच्या सांध्यांवर चिरा पडल्यात. सगळ्यात जास्त हात तीच धुते, वीसपैकी एकोणीस वेळा. माझ्या खुणा मिळवायच्या म्हणून पोरीने हातांची सालटी काढलीत. मी घरी लावते ते गुलाबी लोशन वॉर्डात नेऊन ठेवलं तर? पंपाची बाटली, औषधांच्या टेबलावर. हात धुतले की एक थेंब. घरात मोठा कॅन पडून आहे. एकटीला किती पुरणार तो.

१४ जानेवारी, मंगळवार

लोशन नेलं. "घ्या गं, हातांना लावा," एवढंच म्हटलं आणि कोपऱ्यात जाऊन उभी राहिले. परीक्षेला बसल्यासारखी!

अकरा वाजता नवी सिस्टर कोपऱ्यात आली. स्वतःहून. "ताई, आग थांबली हो! चहाला येताय ना?"

ताई!

पॅन्ट्रीत कोणी उठलं नाही. माझ्यासाठी सरकून जागा केली. भिंगरी मात्र लोशनकडे बघून म्हणाली, "मला नको." सगळ्यांच्या देखत. मग हातमोजे चढवून निघून गेली. हल्ली सारखी हातमोजे घालून असते, हात धुवायचा कंटाळा म्हणून. हातमोजे म्हणजे हात धुणं नव्हे — माझ्या कागदावर तिच्या नावाला फुल्याच फुल्या. अढी असावी माणसाच्या मनात, पण किती?

१७ जानेवारी, शुक्रवार

सत्तेचाळीसपैकी एकेचाळीस. चहा पाच जणींबरोबर.

२२ जानेवारी, बुधवार

आता मला लोशनताई म्हणतात. सीसीटीव्हीपेक्षा बरंच बरं! एकीने मुलाच्या शाळेचं विचारलं, दुसरीने नवऱ्याच्या तक्रारी केल्या, मी सगळ्या मन लावून ऐकल्या. घरी आल्यावर कुलूप उघडताना गुणगुणत होते. शेजारीण बघतच राहिली.

मेट्रन मॅडमनी आकडे पाहिले. "काय जादू केलीत?" म्हणाल्या. मी सांगितलं नाही. सांगायला हवं होतं खरं तर — बाहेरून आणलेली कुठलीही वस्तू वॉर्डात ठेवायची तर लेखी विचारावं लागतं. कोणाला? मलाच! मी मला परवानगी दिली.

२९ जानेवारी, बुधवार

लोशन घट्ट होऊन पंप अडकला होता. नव्या सिस्टरने कोपऱ्यात आणून दिला, "ताई, तुमचं बाळ आजारी आहे." पॅन्ट्रीच्या नळाखाली धरून थोडं पाणी घातलं, खळखळ हलवलं, घरून आणलेलं वर ओतलं. चालू! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मास्तरांचे हात कोरडे पडलेत. सलाइनच्या सुईभोवतीची कातडी तर पार सुकली आहे. चार थेंब लावून चोळले. "नातीच्या बाहुलीसारखा वास येतोय," म्हणाले. पुढच्या आठवड्यात घरी सोडणार आहेत त्यांना. कोपरा सुना पडेल.

३ फेब्रुवारी, सोमवार

सात नंबरला थंडी भरून ताप. रक्त तपासायला पाठवलं आहे.

५ फेब्रुवारी, बुधवार

दोन नंबरलाही. सातचा रिपोर्ट आला — रक्तात जंतू. लॅबवाले काका स्वतः जिना चढून आले. त्यांचे गुडघे दुखतात, उगाच येत नाहीत. "ओलाव्यातला आहे हा," म्हणाले. "मोरी, नळ, फडकी. कुठेतरी ओल धरून बसलाय. शोधा लवकर."

७ फेब्रुवारी, शुक्रवार

चार नंबर. मास्तर.

सकाळी गेले तर दात वाजत होते. तरी विचारलं, "किती नापास?" मी पांघरूण त्यांच्या गळ्यापर्यंत ओढलं. दोनच्याही रक्तात तोच जंतू, मास्तरांचं रक्त आज पाठवलं. बेसिनची तोंडं, नळ, पुसायची फडकी, सलाइनचे स्टँड, थर्मामीटर, साबण — एकतीस जागांचे नमुने पाठवले. डोळ्यांत तेल घालून शोधते आहे. काही राहिलं असेल असं वाटत नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

एकतीस नमुने. त्यांतल्या एकातही तो नाही. मास्तरांच्या रक्तात मात्र तोच.

दुपारी मीटिंग. मेट्रन मॅडम, सर्जन, लॅबवाले काका, मी. सर्जन म्हणाले, वस्तूंत नाही म्हणजे हातांत आहे. मॅडम माझ्याकडे वळल्या. "तुमचे आकडे काय सांगतात? सगळ्यात कमी कोण धुतं?"

कागदावर नावं लिहायची नसतात. माणूस नाही, हात मोजायचे, असा नियम. पण मी कोपऱ्यात बारीक अक्षरं लिहून ठेवते. मला माहीत होतं. मी गप्प राहू शकले असते.

"नाव सांगा, सिस्टर. तीन माणसं तापाने फणफणलीत."

भिंगरीचं नाव सांगितलं. अकरापैकी चार. तिच्याकडे नऊ ते बारा नंबरच्या खाटा, पण ती सगळ्या वॉर्डात भिरभिरते, कोणाला उचलायला, कोणाला वळवायला. तिनेच पसरवलं असणार. मॅडमनी लगेच तिला वॉर्डातून काढून खालच्या भांडारात बसवलं. चौकशी होणार. दोष सिद्ध झाला तर नोकरीही जाईल, असं सर्जन म्हणाले.

माझं चुकलं नाही. आकडे आहेत माझ्याकडे. तरी हे मी तिसऱ्यांदा लिहिते आहे, दोनदा खोडून.

११ फेब्रुवारी, मंगळवार

भिंगरी कपाट रिकामं करत होती. मी दारात. तिने पिशवी भरली, चप्पल घातली. जाताना एवढंच म्हणाली, "मला विचारायचंस तरी."

चहाला सगळ्या होत्या. माझ्यासाठी जागाही केली होती. अर्धा कप तसाच ठेवून उठले.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

मास्तरांना अतिदक्षता विभागात हलवलं. काचेतून पाहिलं. ओळख पटली नाही बहुधा. किंवा पटली असेल, बोलता येत नव्हतं.

१५ फेब्रुवारी, शनिवार

मास्तर गेले. सकाळी सात चाळीसला.

मी घरी येऊन भांडी घासली. एकटीची भांडी ती किती? परत घासली. रडू येत होतं आणि दाराशी येऊन विचारणारं कोणी नव्हतं, म्हणून मोकळेपणाने रडले. तेवढीच एकटं राहण्याची सोय.

१६ फेब्रुवारी, रविवार

दादाचा फोन. बरी आहे. जेवले.

दुपारी वॉर्डातून फोन आला. दहा नंबरला ताप.

दहा नंबर भिंगरीकडचा होता. तीन आठवडे ठणठणीत होता. ती गेल्यावर तिच्या खाटा नव्या सिस्टरकडे दिल्या.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आज रजा टाकली. पंधरा महिन्यांत पहिली. जेवणाच्या टेबलावर सगळे कागद पसरले आणि जे दहा तारखेच्या आधी करायचं ते आज केलं. एका बाजूला खाटा, एका बाजूला कोणाचे हात.

सात, दोन, चार — सगळ्या चांगल्या धुणाऱ्यांकडच्या. नऊ ते बारा, भिंगरीकडच्या — महिनाभरात एकालाही काही नाही. भिंगरी गेली, नवी सिस्टर आली आणि दहा नंबर पडला. नवी सिस्टर! वीसपैकी एकोणीस!

जी जास्त धुते तिच्या पेशंटला होतंय. जी धुत नाही तिच्या पेशंटला नाही. कागद उलटा धरून पाहिला. वेड लागायची पाळी आली. न धुणं चांगलं असं थोडंच आहे? मग चांगल्या धुणाऱ्या धुतल्यावर असं काय करतात जे भिंगरी करत नाही?

पाणी प्यायला उठले. ओट्यावर गुलाबी कॅन होता.

एकतीस जागा तपासल्या. ती बाटली तिथेच होती, औषधांच्या टेबलावर, माझ्या डोळ्यांसमोर. तिच्याकडे मी एकदाही संशयाने पाहिलं नाही. ती माझी होती ना!

पॅन्ट्रीचं पाणी. खळखळ हलवलं. टाळ्या वाजल्या. आणि मास्तरांच्या सुईभोवती मी स्वतः चोळलं. माझ्या या हातांनी.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी साडेसहाला वॉर्डात पोचले. पाळी बदलत होती, टेबलापाशी कोणी नव्हतं. बाटली उचलली, बेसिनपाशी नेली. नळ सोडला.

खोटं कशाला लिहू? बाटली धुवायची, वाळवायची, मग भरायची. माझाच नियम! कोणी पाहिलं असतं तरी म्हणालं असतं, लोशनताई किती काटेकोर. जंतू मोरीतून गेला असता. ताप थांबले असते. भिंगरी गेली म्हणून थांबले असं सगळ्यांनी मानलं असतं. चहाला जागा राहिली असती. एका मिनिटाचं काम.

मावशी मागे फरशी पुसत होत्या. "धुताय का ताई? द्या, मी धुते," म्हणाल्या.

"नको," म्हटलं. नळ बंद केला. बाटली पिशवीत घालून, वर चिकटपट्टी लावून, घरून आणलेल्या कॅनसकट काकांकडे नेली. सगळ्यांना ताकीद दिली — कोणी लोशन लावायचं नाही, ज्यांनी घरी छोट्या डबीत नेलं असेल त्यांनी आणून द्या. का ते विचारलं. "संशय आहे," म्हटलं. नव्या सिस्टरने आपल्या हातांकडे पाहिलं. तो चेहरा मी विसरणार नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

रिपोर्ट उद्या. जीव टांगणीला.

२० फेब्रुवारी, गुरुवार

काकांनी मला खुर्ची दिली तेव्हाच कळलं.

"खचाखच भरलंय. तोच आहे. कॅन स्वच्छ आहे, बाटलीतच आहे. पाण्यात चार-दोन असतील, तसे ते कुठल्याही नळात असतात. तुमच्या त्या लोशनमध्ये त्यांनी संसार थाटला." मग चष्मा काढून पुसला. "कोणी आणलं होतं हे?"

"मी."

"पाणी कोणी घातलं?"

"मी, काका."

ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

अहवाल लिहिला. 'बाटलीत पाणी घालण्यात आले' असं पहिलं वाक्य झालं होतं. खोडलं. 'मी पाणी घातले' असं लिहिलं. मेट्रन मॅडमनी दोनदा वाचला. "तिचं नाव तुम्हीच दिलं होतंत ना?" हो म्हटलं. "कमाल आहे," म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

दहा, सात, दोन सावरताहेत. योग्य औषध लागू पडलं. चार नंबरची खाट धुऊन वाळत घातली आहे.

चहाला गेले नाही. जायला तोंड कुठे होतं?

२२ फेब्रुवारी, शनिवार

भांडारात गेले. भिंगरी चादरी मोजत होती. सगळं सांगितलं, एका दमात, पाणी, बाटली, दहा नंबर, अहवाल. तुझ्यावरचा आळ गेला, म्हटलं. माझं चुकलं, म्हटलं. फार चुकलं.

ती ऐकत होती. मग हातातले मोजे काढले. आत पांढऱ्या कापडाचे आणखी मोजे होते. तेही काढले.

हात नव्हेत ते. तळव्यांवर लाल भेगा, बोटांच्या बेचक्यांत ओल, नखांपाशी रक्त सुकलेलं. पंधरा महिने मी हे हात मोजत होते!

"कधीपासून?"

"दीड-दोन वर्षं. पाणी लागलं की चरचरतं. सॅनिटायझर लागला तर विचारू नकोस."

"सांगितलं का नाहीस?"

"कोणाला? सीसीटीव्हीला?" ती हसली, पण तसं नव्हे. "हात असे आहेत कळलं असतं तर वॉर्डातून काढलं असतं. काढलंच शेवटी."

"मला सांगायचंस गं."

"तू बोलत कुठे होतीस? तू खुणा करत होतीस." मग चादरीची घडी सारखी करत म्हणाली, "लोशन मी लावलं होतं. पहिल्या दिवशी, कोणी नसताना. तू आणलंस म्हणून. इतकी आग झाली की घरी जाऊन पाण्याच्या बादलीत हात घालून बसले."

मी तिचे हात धरायला गेले. तिने मागे घेतले. दुखतं म्हणून की माझे म्हणून, कळलं नाही. विचारायला हवं होतं. पुन्हा नाहीच विचारलं.

"जा आता," म्हणाली. "चादरी पहिल्यापासून मोजाव्या लागणार. कुठवर आले होते विसरले."

२५ फेब्रुवारी, मंगळवार

मास्तरांच्या बायको कागदपत्रं न्यायला आल्या होत्या. मॅडम म्हणाल्या, आम्ही रीतसर कळवू. मी म्हटलं, मला सांगू दे.

बाकावर शेजारी बसून सांगितलं. सोप्या शब्दांत. हातातल्या पिशवीत मास्तरांचा चष्मा आणि एक अर्धवट सोडवलेलं शब्दकोडं होतं. सांगून झालं तरी त्या भिंतीकडेच बघत होत्या.

"मला तुम्हाला माफबीफ करता येणार नाही," म्हणाल्या. मग उठल्या. दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "आता दुसऱ्या कोणाला होणार नाही ना?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की."

"बघा मग नीट," म्हणाल्या आणि गेल्या.

४ मार्च, मंगळवार

हुकूम आला. माझं पद काढून घेतलं. सोमवारपासून सर्जरी वॉर्डात साधी सिस्टर, खाट एक ते चार. माझी चौकशी पुढच्या महिन्यात. जे होईल ते होईल. मोजायच्या कामाला कोणी तयार नाही म्हणे. कोण होणार? पंधरा महिने माझी काय गत झाली ते सगळ्यांनी पाहिलंय.

मावशींनी आणखी एक बातमी दिली. भिंगरीला त्वचेच्या डॉक्टरांनी सहा आठवडे ओलं काम बंद केलंय. औषध चालू आहे. हात बरे होतील म्हणाले.

८ मार्च, शनिवार

आईची शाम्पूची बाटली आज टाकली. आत अजून पाणी होतं. कचऱ्याच्या डब्यापाशी बराच वेळ हातात धरून उभी होते.

सोमवारी वॉर्डात कोण बोलेल माझ्याशी? नवी सिस्टर जिन्यात दिसली, मान खाली घालून गेली. तिला तरी काय बोलणार! तिला वाटत असेल, आपल्या हातांनी झालं. तिला सांगायला हवं, तुझे हात स्वच्छच होते गं. सोमवारी पहिलं काम हेच. ऐकून घेतलं तर.

१० मार्च, सोमवार

नव्या सिस्टरने ऐकून घेतलं. मधेच निघून गेली नाही.

चार नंबरला नवा पेशंट. ड्रेसिंग करून बेसिनपाशी गेले. साबण घेतला, मनात मोजायला लागले. मागे कोपऱ्यात कोणीतरी येऊन उभं राहिलं होतं. कागदाची कुरकुर ऐकू आली. वळून पाहिलं नाही. वॉर्डात सगळ्या एकदम चिडीचूप. कोणीतरी माझ्या हातांकडे बघतंय हे पाठीला कळत होतं, आणि खरं सांगायचं तर बरं वाटत होतं. नळ बंद केला.

"अठराच झाले," मागून भिंगरी म्हणाली. "परत धू."

मोजणाऱ्याने बोलायचं नसतं. नियम आहे तसा.

परत धुतले.